लग्नाचं शूटिंग घरच्या मोबाईलवर: आधी आवाजाचं बघा

मैत्रिणींनो, एक काम करा. मागच्या दहा-पंधरा वर्षांत तुमच्या घरात झालेल्या कुठल्याही लग्नाची सीडी नाहीतर पेनड्राईव्ह लावा आणि पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका. हळद लागताना काय ऐकू येतं? सिनेमाचं गाणं. हार घालताना? दुसरं गाणं. पाठवणीला तिसरं, रडकं गाणं. आता डोळे उघडून बघा. आजी जात्यावर बसलेली आहे, तिचे ओठ हलतायत, शेजारच्या चार जणी तिच्या मागून म्हणतायत, आणि त्यातला एक शब्द तुमच्या कानावर येत नाही.

हे कुणी मुद्दाम करत नाही. शूटिंगवाल्याचा कॅमेरा दहा-बारा फुटांवर असतो. मधे पोरं ओरडत असतात, पंखा फिरत असतो, मांडवाच्या दारात डीजे चालू असतो. कॅमेऱ्यात आलेला आवाज ऐकण्यासारखा नसतो, म्हणून तो पुसून टाकतो आणि वरून गाणं चिकटवतो. चित्र चांगलं दिसतं, घरचे खूश होतात. पुढे पाच वर्षांनी आजी जाते. फोटो भिंतीला लागतो. आवाज मात्र कुठेच नसतो, कारण तो कधी नीट घेतलेलाच नव्हता.

आपल्या बायांच्या ओव्यांना किती मोल आहे हे बाहेरच्या लोकांनी आपल्याआधी ओळखलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सोबतच्या कार्यकर्त्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यातल्या काही हजार तर बायांच्या स्वतःच्या आवाजात आहेत. ‘पारी’ नावाच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ऐकायला मिळतात. मोबाईल असेल तर जरूर ऐका. पण त्यात तुमच्या आईची ओवी असेलच असं नाही. ती तुम्हालाच घ्यावी लागेल, आणि त्यासाठी लग्नाइतकी चांगली वेळ नाही. एरवी जातं कोपऱ्यात पडलेलं असतं आणि म्हातारीला गा म्हटलं तर ती लाजते. घाण्याच्या दिवशी ती आपणहून गाते.

सगळी गोम अंतरात आहे

मोबाईलचा माईक वाईट नसतो. तो लांब असतो, एवढंच त्याचं दुखणं. बोलणारीचं तोंड एका हातावर असेल आणि तुम्ही दोन हातांवर सरकलात, तर माईकपर्यंत पोचणाऱ्या आवाजाची ताकद निम्मी नाही, चौथा हिस्सा उरते. चार हातांवर गेलात तर सोळावा. आजूबाजूचा गलका मात्र तेवढाच राहतो. म्हणून लांबून घेतलेल्या व्हिडिओत भांड्यांचा आवाज मोठा आणि माणसाचा बारीक येतो. चित्र लांबून ‘झूम’ करता येतं. आवाज तसा झूम होत नाही.

तेव्हा एकच गोष्ट मनात पक्की करा: चित्र घेणारा मोबाईल वेगळा, आवाज घेणारा मोबाईल वेगळा. चित्राचा मोबाईल लांब राहू द्या. आवाजाचा मोबाईल तोंडाजवळ न्या. घरात एखादा जुना, काच तडकलेला, बॅटरी धरणारा मोबाईल पडून असतोच. आवाजाच्या कामाला तो पुरतो. त्यात ‘व्हॉईस रेकॉर्डर’ असतं, नसलं तर फुकट मिळतं. गाणाऱ्या बाईपासून वीतभर अंतरावर तो ठेवून चालू केला, तर निम्मं काम झालं.

पैसे कुठे घालायचे

कॉलर माईक घ्या. बातमीवाले कॉलरला लावतात तो, चिमट्याचा, लांब वायरीचा. साधा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, बरा घेतला तर हजाराच्या आसपास जातो. बिनवायरीचे दोन माईकचे जोड मिळतात, ते महाग असतात आणि त्यांचं चार्जिंग आणखी सांभाळावं लागतं. पहिल्या खेपेला वायरीचाच बरा.

दुकानात जाताना ज्या मोबाईलला लावायचाय तो सोबत न्या. जुन्या मोबाईलला गोल भोक असतं, नव्या बऱ्याच मोबाईलला ते नसतं, फक्त चार्जिंगचंच. त्याला टाईप-सी पिनचा माईक लागतो. गोल पिनेवर काळे पट्टे मोजा. मोबाईलला चालणाऱ्या पिनेवर तीन असतात, दोन असले तर ती पिन बहुधा कॅमेऱ्याची. काही माईकच्या वायरीवर छोटी डबी असते, तिच्यात घड्याळासारखा सेल बसतो आणि बाजूला मोबाईलचं आणि कॅमेऱ्याचं असं बटण असतं. ते बटण बरोबर बाजूला आहे ना ते बघा.

आणि दुकानातच ही परीक्षा घ्या. माईक लावून रेकॉर्डिंग चालू करा, माईकवर नखाने हळूच खरवडा, मग मोबाईलवर खरवडा. आता ऐका. माईकवरचं खरवडणं मोठं आलं असेल तर माईक चालतोय. मोबाईलवरचं मोठं आलं, तर माईक नुसता लटकलाय आणि आवाज मोबाईलच घेतोय. काही मोबाईलच्या कॅमेऱ्यात बाहेरचा माईक चालतच नाही, रेकॉर्डरमध्ये मात्र चालतो. आवाज वेगळ्या मोबाईलवर घ्यायचं आणखी एक कारण हेच.

उरलेल्या पैशांत एक स्टँड आणि मेमरी कार्ड. स्टँड नसलं तर धान्याच्या पोत्यावर उशी ठेवून मोबाईल टेकवला तरी हात हलत नाही. ज्या लग्नाला गटातून कर्ज काढलंय तिथे शूटिंगसाठी त्यात भर घालू नका. दरमहा दोन टक्क्यांनी २०,००० रुपयांचं पहिल्याच महिन्याचं व्याज ४०० रुपये होतं. तेवढ्यात साधा माईक येतो.

घाणा, जातं आणि हळद

सगळ्यात जास्त जीव इथे लावा, कारण शूटिंगवाला यावेळी बहुतेक आलेलाच नसतो. आला तरी बायांच्या घोळक्यात आत शिरत नाही.

घाण्याच्या आधी घरातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून घ्या, कोण काय म्हणणार आहे. पुढून म्हणणारी एक असते, बाकीच्या मागून धरतात. माईक पुढच्या बाईला लावायचा. लावताना तिच्या गळ्याकडे बघा: मंगळसूत्र, पोत, बोरमाळ, जे असेल ते. माईक त्याच्याजवळ लावलात तर सगळ्या ओवीभर खळखळ खळखळ येईल, आणि ती नंतर काढता येत नाही. खांद्यावर पदर जिथे दाबून बसवलाय तिथे, तोंडापासून वीतभर खाली, दागिन्यांपासून चार बोटं दूर. ज्या हाताने खुंटा धरलाय त्याच्या विरुद्ध खांद्यावर लावा, म्हणजे बांगड्या आणि जात्याची घरघर थोडी लांब राहते. नवीन कडक साडी असेल तर तीही कुरकुरते. सुती लुगड्याची आजी असली तर तुमचं नशीब.

जात्याची घरघर पूर्ण गेली पाहिजे असं नाही. माझ्या मते ती राहावीच, तिच्याशिवाय ओवी उघडी वाटते. फक्त ती शब्दांवर चढू नये. माईक लावायला बाई तयार नसेल तर जबरदस्ती करू नका. मोबाईल रुमालात गुंडाळून, माईकचं भोक उघडं ठेवून, तिच्या मांडीशेजारी पाटावर ठेवा. जमिनीवर ठेवू नका, जात्याची थरथर फरशीतून मोबाईलमध्ये चढते.

खोली निवडायला मिळाली तर पत्र्याच्या शेडपेक्षा आतली खोली घ्या. पत्रा आणि मोकळ्या भिंती आवाज परत फेकतात, मग ओवी विहिरीतून आल्यासारखी वाटते. ज्या खोलीत गोधड्या, गाद्या, कपड्यांची दांडी आहे तिथे आवाज मऊ आणि स्वच्छ येतो. सुरू करण्याआधी पंखा बंद, मिक्सर बंद, टीव्ही बंद. पंधरा मिनिटं उकाडा सोसा. अंगणातच करायचं असेल तर वाऱ्याची काळजी घ्या. माईकवर स्पंजची टोपी असते ती काढू नका, आणि वारा जास्त असेल तर वरून लोकरीचा छोटा तुकडा गुंडाळा.

मग दोन मिनिटं गाऊन घ्या आणि ऐकून बघा. कानात हेडफोन घालूनच ऐका, उघड्यावर सगळं बरं वाटतं. ही दोन मिनिटं कुणी देत नाही, आणि नंतर सगळे हळहळतात.

हळदीच्या रात्री डीजे असतोच. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, वेळ वाटून घ्या: हळद लावतानाची गाणी आधी, डीजे नंतर. तसंही ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. हे घरातल्या कर्त्या माणसाच्या तोंडून आधीच सांगून ठेवलं, तर दहानंतर अंगण शांत होतं आणि बायांचा खरा कार्यक्रम तेव्हाच रंगतो. त्यावेळी मोबाईल तयार ठेवा.

मंगलाष्टका

इथे अडचण वेगळी. आवाज भरपूर असतो, उलट जास्त असतो. पेटीसमोर उभं राहून शूटिंग केलं की मोबाईलचा माईक भरून जातो आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

दोन वाटा आहेत. भटजींना आधी विचारा आणि कॉलर माईक त्यांच्या उपरण्याला लावा, मोबाईल त्यांच्या पिशवीत नाहीतर कमरेला. सप्तपदीचे मंत्र, मुलीला दिलेल्या सूचना, मधेच मामाला मारलेली हाक, सगळं येतं. दुसरी वाट: काका-मामा, आत्या, मावश्या माईक हातात घेऊन एकेक मंगलाष्टक म्हणतात, ती सगळी हवी असतील तर आवाजाचा मोबाईल मांडवातल्या एका पेटीपासून चार-पाच हातांवर, खुर्चीवर ठेवा. चिकटून नको. साऊंडवाल्याला त्या पेटीचा आवाज जरा बसता ठेवायला सांगा. साऊंडच्या मशीनची वायर थेट मोबाईलला कुणी जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा. योग्य जोड नसेल तर आवाज फाटतो, आणि चुकून पेटीची तार लागली तर मोबाईल जळतो.

बँडवाल्यालाही गाठून ठेवा. शेवटचं ‘सावधान’ तोंडातून निघायच्या आत तो सुरू होतो, आणि टाळ्या, अक्षता, हशा सगळं त्याच्याखाली जातं. दहा श्वास थांब, एवढं सांगितलं तरी पुरतं.

उखाण्यांना नवरीला माईक लावू नका, शालूची जर आणि मुंडावळ्या फार आवाज करतात. मोबाईल तिच्यासमोरच्या ताटाआड ठेवा. नाव घेताना मागून चिडवणाऱ्या पोरींचा आवाज आला तर येऊ द्या, तीच तर मजा आहे.

पाठवणीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मायलेकी गळ्यात पडून रडत असताना मोबाईल तोंडासमोर धरणं मला पटत नाही. आवाजही घेऊ नये. लांबून, पाठमोऱ्या, गाडीपर्यंत जाताना घ्या, पुष्कळ झालं.

मोबाईलची तयारी

दोन्ही मोबाईल ‘फ्लाईट मोड’वर टाका. ऐन मंगलाष्टकात कुणाचा तरी ‘रस्ता कुठून आहे’ म्हणून फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. चित्र ‘१०८०’ वर, ३० वर ठेवा. तासाला साधारण ७-८ जीबी जागा जाते. ‘४के’ लावलंत तर त्याच्या कितीतरी पट जाते आणि दुपारीच मोबाईल भरतो. आवाजाला जागा जवळजवळ लागतच नाही, तासाला ६० एमबीच्या आसपास. म्हणून आवाजाचा मोबाईल बंद-चालू करत बसू नका, एकदा लावला की कार्य संपेपर्यंत चालू द्या. मोबाईल आडवा धरा. भिंग पदराने पुसा. वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात मोबाईल तापून आपोआप बंद पडतो, म्हणून सावलीत ठेवा, कव्हर काढा, उन्हात चार्जिंगला लावू नका.

हे काम घरच्या बाईला देऊ नका. ती पंगतीत, आहेरात, रुसलेल्या विहीणबाईत अडकते. भाच्याला दिलंत तर तो वरातीत नाचायला जातो. गटातली एखादी शांत मैत्रीण बघा, जिला त्या लग्नात दुसरं काम नाही. चित्राला एक, आवाजाला एक, दोघी असल्या तर उत्तमच.

आवाज आणि चित्र जोडायचं कसं

आवाजाचा मोबाईल चालू करा. मग चित्राचा. मग चित्राच्या मोबाईलसमोर उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. सिनेमावाले पाटी आपटतात ती याचसाठी. जोडताना चित्रात हात एकमेकांना लागलेला क्षण आणि आवाजातला ‘टॅक्’ एकमेकांवर ठेवायचा, की ओठ आणि शब्द जुळतात. चित्र मधे थांबवून पुन्हा चालू केलं तर पुन्हा टाळी.

जोडणी मोबाईलवरच होते. व्हीएन, इनशॉट अशी अॅप फुकट मिळतात. त्यात व्हिडिओ घ्यायचा, खाली दुसऱ्या मोबाईलचा आवाज टाकायचा, टाळी जुळवायची आणि व्हिडिओचा मूळ आवाज अगदी बारीक करायचा. पूर्ण बंद करू नका, थोडा गलबला राहिला की मांडव मांडवासारखा वाटतो. तासाभराचं एकदम जोडायला गेलात तर शेवटाला ओठ पुढेमागे होतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. कॉलेजात जाणारी मुलगी हे एका संध्याकाळी शिकते. सिनेमाची गाणी घालायचीच असतील तर वरातीला घाला. पण असा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर गाण्याच्या मालकाचा दावा येऊन आवाज बंद होऊ शकतो, हे माहीत असू द्या.

शूटिंगवाला ठरवला असेल तर

ठरवू नका असं मी म्हणत नाही. मुलीच्या सासरकडच्यांचा आग्रह असतो, फोटो हवे असतात. पण विसार देतानाच तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. मंगलाष्टका, उखाणे आणि बायांच्या गाण्यांना मूळ आवाज ठेवायचा, वरून गाणं लावायचं नाही. तुम्ही वेगळा घेतलेला आवाज तुम्ही द्याल, तो त्याने जोडायचा. आणि कापलेल्या अल्बमशिवाय सगळं कच्चं शूटिंग पेनड्राईव्हवर द्यायचं, पेनड्राईव्ह तुमचा. लग्न झाल्यावर मागितलं तर ‘जागा नव्हती, पुसलं’ असं उत्तर मिळतं. आधी मागितलं तर बहुतेक जण देतात.

गटाच्या मालकीचा माईक

प्रत्येकीने माईक घेण्यात अर्थ नाही, वर्षातून एकदा लागतो. गटाने मिळून दोन माईक, एक स्टँड, एक हेडफोन घेतला आणि नोंदवहीत नाव लिहून लग्नाला शंभर-दोनशे रुपये भाड्याने दिला, तर एका लगीनसराईत बहुतेक पैसे वसूल होतात. परत आल्यावर अध्यक्षांच्या घरी नखाची परीक्षा घेऊनच आत ठेवायचा.

एक गोष्ट मात्र बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून घ्या. बायांची गाणी घेण्याआधी त्यांना विचारायचं, आणि घेतलेलं कुणाच्याही स्टेटसला टाकायचं नाही. हळदीला बाया मोकळ्या होतात, विहिणीला चिडवतात, नवऱ्यांच्या नकला करतात. ते घरात हसायला ठीक आहे. गावभर फिरलं तर पुढच्या लग्नात कुणी तोंड उघडणार नाही.

लग्नानंतर आठ दिवसांत सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवा, एक पेनड्राईव्ह तुमच्याकडे, एक मुलीच्या सासरी. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून बारीक होतो. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे जसा आहे तसा जातो. आणि आवाजाच्या प्रत्येक फाईलला नाव द्या: कोण गातेय, तिचं माहेर कुठलं, ओवी कुणाकडून शिकली, तारीख. हे आजीला समोर बसवून विचारा आणि विचारतानाही मोबाईल चालू ठेवा. ओवी कुणाची हे सांगता सांगता तिला पुढची आठवते.